पटाशी का रखडली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सगळ्यांची चौकशी केलीस, पण खरी चौकशी तुझ्या सुतारकामासाठी सांगितलेल्या पटाशीची, लाकूड तासायच्या त्या हत्याराची होती हे शेवटच्या ओळीवरून कळलं. तेव्हा आधी तेच सांगतो. पटाशी एक झाली होती, ती तडकली. दुसरीची पट्टी आणून ठेवली आहे. मध्ये बरंच काय काय झालं, तेही ऐकून घे, म्हणजे नुसता टाळतोय असं वाटायचं नाही.

पहिली पटाशी मी गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून काढली होती. हे पोलाद अशा कामाला उत्तम. कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास, जोडीला थोडं क्रोमियम, त्यामुळे तेलात बुडवलं तरी कडक होतं. साध्या मऊ लोखंडात कार्बन जेमतेम ०.२ टक्के किंवा त्याहून कमी. ते कितीही लाल करून बुडव, धार धरणार नाही. तर पाटा कापला, घडवला, पाणी दिलं (म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून कडक केलं; नाव पाण्याचं, मी बुडवतो तेलात), सगळं नीट पार पडलं आणि पाठ घासताना केसाएवढी एक रेघ दिसली. घासून जाईल म्हणून घासत राहिलो तर ती आणखी स्पष्ट झाली. मग व्हाइसमध्ये धरून सरळ हातोडा घातला. दोन तुकडे झाले, आणि तुटलेल्या तोंडावर सगळा इतिहास उघडा पडला: अर्धा भाग ताजा, राखाडी, बारीक कणांचा आणि उरलेला अर्धा काळाकुट्ट. पाणी देताना तडा गेला असता तर तो आतून स्वच्छ दिसला असता. काळा म्हणजे तो भट्टीत तापण्याआधीपासून तिथे होता. वर्षानुवर्षं लवून लवून थकलेल्या पाट्यात अशा चिरा लपलेल्या असतात आणि गंजाखाली दिसत नाहीत.

भंगारातला तुकडा घ्यायचाच असेल तर आता मी आधी घासून लख्ख करतो, रॉकेल लावतो, कोरडा पुसतो आणि वर खडूची पूड भुरभुरतो. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूत उतरतं आणि ओली रेघ उमटते. तुझ्यासाठी मात्र नवी पट्टी आणली आहे. भंगारातून हत्यार घडवण्यात गंमत आहे हे खरं, पण ज्याच्यावर तू रोज हातोडा मारणार त्यात मला गंमत नको.

आता तू म्हणशील, पट्टी नवी आहे तर अडलं कुठे? खरा वेळ खातं ते तापमान. पाहणाऱ्याला वाटतं की हे काम हातोड्याचं आहे. सोनाराचे शंभर घाव आणि लोहाराचा एक, असं म्हणणारा माणूस ऐरणीजवळ कधी उभा राहिला नसावा. घाव आम्हीही शंभर घालतो. फरक इतकाच की ते नारिंगी रंग टिकून असेतो घालायचे असतात आणि तेवढ्यात तो उतरायला लागलेला असतो. निम्मा वेळ तर नुसता भट्टीपाशी उभं राहून रंग पाहण्यात जातो.

हा रंग मोठा फसवा. उन्हात पाहिलेलं लोखंड असतं त्यापेक्षा थंड वाटतं, म्हणून आपण आणखी तापवत जातो, आणि नको तितकं तापलं की पोलादातले कण वाढतात. असा तुकडा तोडून पाहा, आत भरड साखर दिसते. कितीही कडक झाला तरी धारेचे टवके उडणार. म्हणून पाणी देण्याचं काम मी अंधार पडल्यावरच करतो. जोडीला तारेला बांधलेलं एक लोहचुंबक असतं. साधारण ७७० अंश सेल्सियसला लोखंडाचं चुंबकाशी असलेलं नातं तुटतं. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर क्युरीने १८९५ च्या आपल्या प्रबंधात याच गोष्टीचा अभ्यास केला, त्या तापमानाला नावही त्याचंच आहे. कमानीच्या पोलादाला त्याच्याही थोडं वर, ८३० च्या आसपास जावं लागतं. म्हणजे चुंबक चिकटेनासं झालं की रंग अजून एक छटा वर चढू द्यायचा आणि मग बुडवायचं. ही ‘एक छटा’ शिकवता येत नाही, आणि तिथेच माझा वेळ जातो.

बुडवण्याआधी तोच तुकडा दोन-तीनदा त्या रंगापर्यंत नेऊन हवेत थंड होऊ देतो. त्याने घडवताना वाढलेले कण पुन्हा बारीक होतात. तुझ्या दुसऱ्या पटाशीलाही हेच करणार आहे. मग तेल. तेही गार नको, ५०-५५ अंशांपर्यंत कोमट करून घ्यायचं. कोमट तेल पातळ असतं, पोलादाभोवती चटकन फिरतं आणि उष्णता लवकर ओढून घेतं. बुडवताना वर-खाली हलवायचं, आडवं नाही. आडवं हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. आणि बुडवायचं ते पूर्ण. मागच्या खेपेला सांडशी तोकडी पडली, तुकडा अर्धवट बुडाला आणि तेलाच्या पृष्ठभागावर हातभर ज्वाळ उठली. डब्याचं झाकण हाताशीच होतं. ते ठेवलं, ज्वाळ गुदमरली. भुवई थोडी आखूड झाली आहे, भेटशील तेव्हा हसशील.

त्या ज्वाळेनेच पुढचं काम काढलं: लांब सांडशी. हा छंद असाच आहे बघ. एक वस्तू करायची तर तिला धरायला सांडशी हवी, सांडशी करायची तर भोक पाडायला पोगर हवा, पोगर करायचा तर… कार्यशाळेत आतापर्यंत घडलेल्या वस्तूंपैकी बहुतेक वस्तू कार्यशाळेसाठीच आहेत. नव्या सांडशीचे जबडे छान जमले, पण रिव्हेट तापवून ठोकला आणि थंड झाल्यावर ती उघडेचना. कारण साधं आहे. ३० मिमीचा रिव्हेट नऊशे अंशांनी थंड होताना जवळजवळ ०.३ मिमी आखडतो आणि दोन्ही पाती आवळून धरतो. पूल बांधणाऱ्यांना हाच गुण हवा असायचा, सांडशीला नको असतो. उपाय सोपा: सांधा पुन्हा लाल करायचा आणि थंड होईपर्यंत उघडझाप करत राहायचं. आता ती एका बोटाने उघडते.

मध्येच एका शेजाऱ्याने कुंडीसाठी कडं मागितलं. आतून २०० मिमी, गज १० मिमीचा. तू सुतार माणूस, तुला हा हिशोब आवडेल. वळवताना गजाची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, मधली रेषा जशीच्या तशी राहते. म्हणून व्यास धरायचा २१०, गुणिले ३.१४, म्हणजे ६६० मिमी. शिवाय सांध्यावर चढवायला थोडा जास्त. तुझं लाकूड रंध्याखाली कमी कमी होत जातं. माझं लोखंड कमी होत नाही, जागा बदलतं. चौकोनी गजाच्या टोकाला बुडाची जाडी तशीच ठेवून अणी काढ, जेवढी लांबी ठोकायला घेतली त्याच्या तिप्पट लांब अणी निघते. अगदी तिप्पट मात्र कधी निघत नाही, कारण दर तापीला थोडं लोखंड काळे पापुद्रे होऊन ऐरणीखाली पडतं.

कड्याचा हिशोब बरोबर आला, सांध्याने मात्र रडवलं. टोकं एकमेकांवर चढवली, टाकणखार शिंपडला, पांढुरक्या पिवळ्या रंगाला काढून ठोकली. दिसायला एकजीव. ऐरणीच्या शिंगावर गोल करायला घेतलं आणि सांधा उघडला. आत राखाडी, गुळगुळीत पापुद्रा तसाच. टाकणखाराचं काम तो पापुद्रा वितळवून बाहेर काढायचं, पण कोळशाचा थर पातळ झाला होता, हवेचा झोत थेट लोखंडावर येत होता आणि जितका पापुद्रा वितळत होता त्यापेक्षा जास्त तयार होत होता. तळाशी जमलेली मळी काढली, कोळसा उंच रचला, झोत कमी केला. दुसऱ्यांदा धरलं.

त्याच शेजाऱ्याने नंतर एक चकचकीत पाइप आणला, ‘याचं स्टँड करून दे’ म्हणून. तो मी परत दिला. त्याच्यावर जस्ताचा मुलामा होता. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे भट्टीत सहज. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दोन दिवसांत उतरतो म्हणे, पण मला तो अनुभव घ्यायचा नाही. तुझ्याकडे कुणी असला पाइप घेऊन माझं नाव सांगत आलं तर तूही परत पाठव.

एक किस्सा तुझ्याही कामाचा आहे. हुक आणि कडी-कोयंडे झाले की कोमट असतानाच मी त्यांना जवसाचं तेल चोळतो, काळी झिलई येते. तेल पुसलेल्या चिंध्या दोरीवर सुट्या पसरून ठेवतो. त्या दिवशी एक पाहुणे आले होते, फार टापटिपीचे. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात त्यांनी सगळ्या चिंध्या गोळा करून, दाबून डब्यात भरल्या. काही तासांनी डब्यातून धूर. भट्टी विझलेली, ठिणगी कुठेच नाही. जवसाचं तेल वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या चिंधीतली उडून जाते, कोंबलेल्या चिंध्यांतली साठत जाते. डबा पत्र्याचा होता आणि मी तिथेच होतो, म्हणून निभावलं. तूही लाकडाला हेच तेल लावतोस, आणि तुझ्या खोलीत तर भुसा. चिंध्या पाण्यात बुडवून ठेव किंवा सुट्या वाळव. यात हयगय नको.

आता माझं काम. माझ्या किलोभराच्या हातोड्याचा दांडा सैल झालाय. पाचर ठोकून भागवतोय, पण मारताना डोकं किंचित हलतं आणि लक्ष तापीपेक्षा त्याच्याकडेच जातं. तुझ्याकडे सरळ रेषेचं, चिवट लाकूड असेल तर एक दांडा तासून पाठव. रेषा दांड्याच्या लांबीतून शेवटपर्यंत जायला हवी, मध्ये कुठे आडवी फुटून बाहेर नको. धरायला किंचित लंबगोल कर, म्हणजे न पाहताही तोंड कुठे आहे ते हाताला कळतं. पॉलिश नको, घामाने निसटतो.

आणि पटाशीबद्दल हे कळव: रुंदी २५ मिमी ठरली होती, तीच ठेवू ना? मुठीसाठी मागे शेपटी (लाकडी मुठीत घुसणारं टोक) ठेवू की खोबणी (मूठ आत बसते ती पोकळ नळी) वळवू? तू जोरात ठोकणारा माणूस, मला खोबणी बरी वाटते, लाकडी मूठ फुटणार नाही. पण खोबणी वळवायला वेळ लागेल, हेही आत्ताच सांगून ठेवतो. धारेचा कोन २५ अंश लावून देईन, पुढे सहाणेवर तुला हवा तसा कर. पाणी दिल्यावर ठिसूळपणा उतरावा म्हणून ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर दोनदा ठेवणार आहे, घरच्यांची परवानगी मिळाली आहे (वास येणार नाही या अटीवर). हाती आल्यावर आधी कानस फिरवून कडकपणा पाहशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. वरचा अर्धा मिलिमीटर घासल्याशिवाय निकाल देऊ नकोस. भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन जळून जातो, तिथे कानस लागतेच. त्याखाली ती घसरली पाहिजे. लागली तर परत पाठव, पुन्हा पाणी देईन.

शेपटी की खोबणी, एवढं मात्र लगेच कळव. पट्टी कापायची थांबलोय.

तुझा,
लोहार