आधी चितारी, मग हॉटेल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या हॉटेलवर आलेला लेख वाचला. फोटो झकास आहेत आणि लिहिणाऱ्याने वाडीचा पाऊसही नीट अनुभवलेला दिसतो. पण 'ओस पडलेल्या वाड्याला नवसंजीवनी' या पहिल्याच वाक्याला मी अडखळले. राजवाडा ओस कधी पडला होता? घरची माणसं तिथे राहत होती, आजही राहतात. आणि दरबार हॉलमध्ये पन्नासएक वर्षं रंगाचा नि लाखेचा वास येतोय. या हॉटेलचा इतिहास सांगायचा तर तो त्या वासापासून सांगायला हवा होता.

राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या (१७५५ ते १८०३) काळातला, हे लेखात बरोबर आलंय. समोरचा मोती तलाव मात्र १८७४ चा. लेखात दोन्ही एका दमात बांधल्यासारखे झालेत, पण ते सोडून देऊ.

खरी गोष्ट पुढची आहे. १९४८ साली संस्थान विलीन झालं. १९७१ च्या अखेरीस संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. जांभ्या दगडाचा एवढा थोरला पसारा सांभाळणं म्हणजे काय, ते कोकणात ज्याचं जुनं घर आहे त्याला विचारा. जांभा पाणी पितो. वरून सिमेंट थापलं तर प्यालेलं पाणी आतच राहतं आणि भिंतीला पोपडे धरतात. त्याला चुन्याचा गिलावाच लागतो. दर मे महिन्यात माणसं छपरावर चढवायची, फुटकी कौलं काढायची, वाळवी कुठवर आली ते वासे ठोकून बघायचं. एका वर्षी शाकारणी चुकवली की पुढच्या वर्षी कौल बदलून भागत नाही, वासाच बदलावा लागतो. आमच्या आजोळच्या घराचं असंच झालं. तीन भावांनी 'या वर्षी तू कर' म्हणत म्हणत चौथ्या पावसाळ्यात माजघर बसवलं. राजवाड्याचं तसं व्हायला वेळ लागला नसता.

ते झालं नाही, याचं बरंचसं श्रेय मी एका पत्त्यांच्या खेळाला देते.

गंजिफा हा खेळ वाडीच्या दरबारात तेलंगणातून आलेल्या विद्वानांनी आणला, असं सांगतात. दशावतारी गंजिफाची पानं १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. खेळायला तिघं लागतात. दिवसा बसलात तर ज्याच्या हाती राम तो डाव सुरू करणार, रात्री बसलात तर कृष्णवाला. (आमच्या ऑफिसातल्या रमीला असला काही नियम असता तर बरं झालं असतं.) छापील पत्ते आले, स्वस्त झाले आणि हातानं रंगवलेल्या गंजिफाला गिऱ्हाईक उरलं नाही. वाडीत हे काम येणारे पुंडलिक चितारी उरले होते, तेही वयोवृद्ध. शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी, म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांची लेक, ही दोघं त्यांच्याकडे शिकायला बसली.

राजघराण्याने कलेला आश्रय दिला, हे वाक्य आपल्याकडे हात सवयीनेच लिहून जातो. इथे चितारी गुरू होता आणि राजा-राणी शिष्य. ती दोघं आधी स्वतः शिकली, मग गावातल्या मुलामुलींना शिकवलं, आणि १९७१ च्या सुमारास 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' उभं राहिलं. कामाची जागा कुठली, तर राजवाड्यातला दरबार हॉल.

शाळेत असताना आम्हाला तिथे नेलं होतं. खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. डाव्या हातात रुपयाहून जरा मोठी गोल चकती, उजव्या हातात इतका बारीक कुंचला की त्याला केस आहेत हे वाकून बघावं लागे. पेन्सिलची रेघ नाही, काही नाही. थेट मत्स्याचं शेपूट. आमच्यातल्या एकीने विचारलं, चुकलं तर? बाई मान वर न करता म्हणाल्या, "चुकायचं नाही." चिंचोक्याची खळ लावून एकावर एक चिकटवलेले थर, त्यावर घोटाई, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ते शेपूट लक्षात राहिलं.

शिवरामराजे १९९५ साली गेले, राजमाता सत्त्वशीलादेवी २०१८ साली. त्यानंतर पुढच्या पिढीने राजवाड्याच्या आवारातला ताईसाहेब वाडा दुरुस्त करून तिथे मोजक्या खोल्यांचं हॉटेल सुरू केलं आणि खोल्यांना गंजिफातले अवतार दिले. आपल्या लेखकाने याला 'कल्पक थीम' म्हटलंय. थीम बाहेरून आणतात हो! इथे ती पलीकडच्या दालनात अर्धं शतक रंगवली जात होती. हॉटेलने ती उचलली नाही, ती होती म्हणून हॉटेलला काही अर्थ आला. एरवी केंद्राच्या पर्यटन खात्याच्या व्याख्येप्रमाणे १९५० पूर्वीचा वाडा 'हेरिटेज हॉटेल' ठरू शकतो, आणि तसे वाडे राजस्थानात पैशाला पासरी आहेत. झोपाळा, तलवारी, वाघाचं मुंडकं, झालं हेरिटेज.

राजवाड्याचं हॉटेल केलं म्हणून नाकं मुरडणारेही आमच्या ओळखीत आहेत. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पाहुण्याच्या पैशातून कौलं बदलली जात असतील तर पाहुण्याने खुशाल यावं. फक्त आल्यावर चितार आळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या दुकानांच्या गल्लीतही एक चक्कर मारावी. वाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिथल्या दुकानांत आता लाकडी खेळण्यांच्या शेजारीच प्लॅस्टिकचीही दिसतात, आणि गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडेच वळतं.

आपल्या पूर्ण पानभर लेखात हॉटेलच्या न्याहारीला दोन परिच्छेद आहेत आणि पुंडलिक चितारी हे नाव एकदाही नाही. ते पुढच्या अंकात छापावं, एवढीच विनंती.

आणि हो, वाडीच्या गंजिफाचं पान गोल असतं. लेखाशेजारी दिलेल्या चित्रात ते चौकोनी काढलंय.

आपली एक वाचक