आमच्या उपकेंद्रातील सिस्टरांना जाहीर आभार पत्र

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

आमच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गड्याची पत्नी आणि तिची तान्ही मुलगी आज सुखरूप आहेत, त्याबद्दल आपले आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

रत्नागिरी तालुक्यात मोहोराच्या सुमारास नेपाळहून राखणदार येतात आणि हंगाम आटोपला की परत जातात. त्यांच्यासोबत आलेल्या बायकांचे नाव बहुधा इथल्या कुठल्याच नोंदवहीत नसते. गरोदरपणाची नोंद पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी आणि प्रसूतीपूर्वी किमान ४ तपासण्या व्हाव्यात, हे आता आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. आमच्या गड्याच्या पत्नीची मात्र आठवा महिना लागला तरी एकही तपासणी झालेली नव्हती. एका दवाखान्याने तर आधीचे कागद नाहीत एवढ्या कारणावरून तिला दारातूनच परत पाठवले होते, त्यामुळे उपकेंद्राची पायरी ती बिचकतच चढली.

आपण तिच्याकडे कागद मागितला नाही आणि इतके दिवस कुठे होतीस, असेही विचारले नाही. शेवटच्या पाळीची तारीख तिला सांगता येईना, तेव्हा आपण विचारले, ‘‘तुमच्या गावी तेव्हा भाताची लावणी चालू होती की उरकली होती?’’ नवऱ्याने तो प्रश्न तिच्या भाषेत सांगताच तिचा चेहरा खुलला, कारण ती खूण तिला पक्की आठवत होती: असार, म्हणजे त्यांचा आषाढ महिना, निम्मा सरला होता आणि लावणी ऐन भरात होती. त्यावरून आपण आठवडे मोजले आणि पोटावर टेप लावून तो हिशेब ताडून पाहिला. लावणी न पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न सुचला नसता, असे मला मनापासून वाटते.

रक्तदाब १५०/१०० आला, तेव्हा आपण तिला डाव्या कुशीवर निजवले आणि काही वेळाने पुन्हा मोजला. तो तेवढाच होता. लघवीत प्रथिने सापडली, हिमोग्लोबिन ८ च्याही खाली होते आणि पायांवर बोट दाबले की खळगा पडत होता. अशा अवस्थेत आईला झटके येऊ शकतात आणि रक्त कमी असल्यामुळे प्रसूतीतला थोडा रक्तस्रावही तिला झेपत नाही, हे आपण नवऱ्याला शांतपणे समजावले. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीखाली दुखणे यांपैकी काहीही झाले तर रात्र असो की पहाट, थांबायचे नाही, हे त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले. दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर गरोदर स्त्रियांना तपासतात आणि ती तारीख जवळच होती. तरीही तोवर थांबणे आपल्याला मान्य नव्हते. आपण १०२ क्रमांकावर गाडी मागवली. खर्चाच्या धास्तीने नवरा मागे सरत होता, तेव्हा सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, रक्त आणि वाहन यांचे पैसे २०११ पासून घेतले जात नाहीत, हे त्याला सांगून आपण स्वतः गाडीत बसलात.

रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, सलाईनमधून लोह दिले गेले आणि ३७ आठवडे भरल्यावर डॉक्टरांनी प्रसूती करवली. पुढचे मला अधिक मोलाचे वाटते. बाळ झाले की धोका टळला, असे आम्ही सगळेच समजत होतो. पण झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात म्हणून आपण बागेतल्या मांगरापर्यंत, म्हणजे त्यांच्या राहत्या खोपटापर्यंत, चालत येऊन तिचा रक्तदाब मोजत राहिलात. आशाताईंनीही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवसांच्या भेटींपैकी एकही चुकवली नाही. बाळाचे वजन सुरुवातीला कमी होते, त्याला उघड्या छातीशी कसे धरावे, हे त्यांनीच तिला शिकवले.

मुलीची ६ आणि १० आठवड्यांची लस आपल्याकडेच झाली. १४ आठवड्यांची तिकडे जाऊन घ्यायची आहे आणि आपण भरून दिलेले कार्ड तिने सामानात वरच ठेवले आहे. शेजारच्या बागायतदारांशी मी बोलले आहे. यंदा राखणदार आले की कोणाच्या बागेत कोण बाई गरोदर आहे, याची यादी पहिल्याच आठवड्यात आपल्याकडे पोहोचेल. आपले उपकार शब्दांत मावत नाहीत, तरी आम्हा सर्वांच्या वतीने मनःपूर्वक आभार.

आपली ऋणी,
एक आंबा बागायतदार