आधी मूळ बघा, मग औषध: घेवड्याच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कृषी खात्यातून निवृत्त झालात, पण आमच्या गच्चीवरून काही सुटका झाली नाही. कोणाच्या घेवड्याचं, म्हणजे फरसबीचं, पान पिवळं पडलं की जिन्यात पहिलं नाव तुमचंच निघतं. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि जाहीर अशासाठी, की तुमचं सांगणं एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यातले आकडे गळतात. ते एकदा नीट लिहून राहू देत.

सगळ्यात जास्त आभार तुमच्या एका सवयीचे. "काय फवारू?" असं विचारत कोणी आलं की तुम्ही औषधाचं नाव काढत नाही. "त्यातलं एक झाड उपटून आणा" म्हणता. घेवड्याची बरीच दुखणी मातीखाली असतात आणि दिसतात मात्र पानावर. मुळांवर गाठी असतील तर अंगठ्याने चोळून बघायच्या. गाठ सहज सुटून आली आणि चिरल्यावर आत गुलाबी निघाली, तर ती हवेतलं नत्र झाडाला देणारी गाठ; आनंद आहे. सुटतच नाही, मूळच जागोजागी सुजलंय, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे किडे. तिथे फवारणीचा उपयोग नाही. ती माती पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, भेंडीलाही द्यायची नाही. ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार-सहा आठवडे तापवायची आणि नंतर त्यात झेंडू लावायचा.

मूळ ठीक असेल तर नजर जमिनीलगतच्या खोडावर. दोन-तीन पानांचं रोप माना टाकतंय, बुंधा सुजून उभा चिरलाय, नखाने साल सोलली की आत गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी-काळे कोष: ही खोडमाशी. रोप अगदीच गेलं नसेल तर बुंध्याला दोन इंच मातीची भर द्यायची. चिरेच्या वरून नवी मुळं फुटतात आणि रोप उभं राहतं. यात बाटलीतलं काहीच लागत नाही, हे सांगणारा माणूस दुकानात भेटत नाही.

पेरणीचं तुमचं गणित आता सगळ्यांना पाठ आहे. पुण्यात गणपती उठले की पहिली पेरणी, शेवटची नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पारा 30-32 अंशांच्या वर टिकू लागला की फुलं येतात आणि गळतात, म्हणून मार्चमध्ये पेरलेल्याला एप्रिलात शेंग धरत नाही. ते काही खत कमी पडल्याने नव्हे. गच्चीसाठी बुटकी जात बरी. अर्का कोमल किंवा कंटेंडर, 45 ते 55 दिवसांत तोडा सुरू. केंटकी वंडर वेलीची. तिला आणखी दोन आठवडे लागतात, पण ती पुढे महिनाभर देत राहते. साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तोही याच कुळातला; पण त्याचं खरं मोल वाळलेल्या दाण्याला, उसळीला. कोवळ्या शेंगांसाठी तो लावू नका, हे तुम्ही किती जणांना सांगितलं असेल!

बारा इंची पिशवीत तीन झाडं, त्याहून जास्त नाही. दोन घमेली माती, एक घमेलं जुनं शेणखत, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन मुठी निंबोळी पेंड. बी रात्रभर भिजत घालायचं नाही. घेवड्याचं बी पाणी घाईने ओढतं, आतल्या डाळी तडकतात आणि रोप शेंड्याशिवायच वर येतं. ओलसर, पण चिखल नसलेल्या, वाफशावरच्या मातीत एक इंच खोल टोचायचं आणि रोप दिसेपर्यंत पाणी बेताचंच. माती वरून पापुद्रा धरत असेल तर वर चिमूटभर कोकोपीट भुरभुरायचं, कारण हे रोप डाळी डोक्यावर घेऊन वर येतं आणि कडक थराखाली त्याची मान मोडते.

"कडधान्य आहे, खत कशाला?" या समजुतीवर तुमचा राग आम्हाला ठाऊक आहे. घेवडा नत्र धरण्यात आळशी. त्याला लागणारं रायझोबियम, म्हणजे गाठींत राहून नत्र धरणारे जिवाणू, वेगळं. सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं पाकीट चालत नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यात पिशवीमागे दोन मुठी गांडूळखत, कळी दिसताना पुन्हा तेवढंच. त्यापुढे गेलात तर पानं हिरवीगार आणि शेंगा चार.

पाण्याबद्दल तुम्ही जे दाखवलंत ते तर कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं. घेवडा क्षारांना फार नाजूक आहे, पालक किंवा बीट ज्यात मजेत वाढतात त्यात याची पानं कडेने करपतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर कुंड्या असतील तर मातीवर पांढरी साय धरते का ते बघायचं. धरत असेल तर पंधरवड्यातून एकदा नळाचं गोडं पाणी पिशवीच्या तळातून भरपूर वाहून जाईल इतकं द्यायचं. हाच प्रकार लोक करपा समजून बुरशीनाशक मारत बसतात. फुलोऱ्यात मात्र एक दिवसही पिशवी कोरडी पडू द्यायची नाही. पडली की फुलं गळतात आणि धरलेल्या शेंगा कोयत्यासारख्या वाकतात.

वेलीला सुतळी बांधतानाची गंमत सांगायलाच हवी. वरून पाहिलं तर घेवड्याचा वेल नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. आपण हौसेने दुसऱ्या बाजूने गुंडाळला तर तो दुसऱ्या दिवशी स्वतःला सोडवून घेतो. दोर सहा-सात फूट पुरे, नाहीतर शेंगा तोडायला स्टूल लागतं.

मावा आला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून, मग 5 टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर, गाळून, थोडा साबण, संध्याकाळी. पण पान आखडून गडद-फिकट हिरवे चट्टे पडले असतील तर तो विषाणूजन्य मोझॅक. ते झाड उपटून टाकायचं. माव्यामुळे तो शेजारी पसरतो आणि बियांतून पुढच्या वर्षीही येतो.

काढणीत तुमची शिस्त कडक, आणि ती बरोबर आहे. फूल उमलल्यापासून दहा-बारा दिवसांत शेंग तयार. मोडली की कट्कन आवाज यावा, दोर निघू नये, बाहेरून दाण्याचा उंचवटा दिसू नये. दर दोन-तीन दिवसांनी तोडा. चार शेंगा निबर होऊ दिल्या की झाडाला काम झाल्यासारखं वाटतं आणि नवीन फुलं थांबतात. एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने देठासकट तोडायचं, नाहीतर शेंगेबरोबर फुलांचा घोसही येतो. दव किंवा पाऊस पानावर असेल तर झाडाला हात लावायचा नाही, कारण तांबेरा आणि करपा ओल्या हातांनी फिरतात. बुटक्या झाडाला सगळे तोडे मिळून साधारण 100 ग्रॅम धरावे. चौघांच्या घरी एका भाजीला अर्धा किलो लागतो, तेव्हा एका वेळची वीसेक झाडं आणि दर तीन आठवड्यांनी पुढची पेरणी. शेंगा न धुता कापडी पिशवीत, फ्रिजच्या खालच्या खणात. फार गार जागी ठेवल्या की तांबूस डाग पडतात.

बियांसाठी आम्ही तुमच्याच पद्धतीने तीन निरोगी झाडं पहिल्यापासून राखली. घेवड्याचं परागीकरण फूल उमलायच्या आतच होऊन जातं, त्यामुळे दोन जाती शेजारी असल्या तरी बी सहसा शुद्ध राहतं. शेंग झाडावरच वाळून खुळखुळू लागली की काढली, दाणे सावलीत वाळवले, दातांत दबेनासे झाल्यावर घट्ट डब्यात भरून दोन दिवस फ्रीझरमध्ये, म्हणजे भुंगा नको. डबा बाहेर काढल्यावर खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर बियांवर दव धरतं.

अर्का कोमलचं मूठभर बी तुमच्यासाठी बाजूला काढलंय, खाली वॉचमनदादांकडे ठेवतो. आणि एक विचारायचंय: बी विंगच्या उत्तरेच्या ग्रिलला जेमतेम चार तास ऊन असतं, तिथे केंटकी वंडर लावण्यात अर्थ आहे का? तुम्ही म्हणाल तर लावतो, नाहीतर तिथे अळू.

आपले,
गच्चीवरचे घेवडेवाले, पुणे