चोवीस सेलचे चोवीस आकडे: गॅरेजवाल्या अण्णांना पत्र

सांगली

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

ई-रिक्षाला एका किलोमीटरला किती वीज लागते, एवढाच आमच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा प्रश्न होता. सांगली-मिरज रस्त्यावरच्या गाड्यांसाठी तुम्ही गॅरेजचा एक कोपरा रिकामा करून दिलात, ऐन धंद्याच्या वेळेत मुलांना शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं शिकवणं पुढच्या मुलांनाही वाचता यावं, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

मुलं चार्जर काढला की लगेच मल्टिमीटर लावायची. प्रत्येक बॅटरी तेरा व्होल्टच्या वर, सगळ्या ठणठणीत! तुम्ही म्हणालात, "आत्ता मोजलं तर बॅटरी खोटं बोलती. उद्या सकाळी या." ते खरंच होतं. चार्जिंगनंतर प्लेटांच्या वरच्या थरावर साचलेला विद्युतभार आकडा फुगवतो. गाडी काही तास उभी राहिली, की भरलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १२.७ च्या आसपास स्थिरावते आणि निम्मी उतरलेली साधारण १२.२ ला. भरलेली आणि अर्धी यांत फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. घाईच्या मापात तोच हरवतो.

मग तुम्ही हायड्रोमीटर हातात दिलात, म्हणजे सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायची नळी. सेल जितका भरलेला, तितका आकडा मोठा. चार बॅटऱ्या, प्रत्येकीत सहा सेल, म्हणून वहीत चोवीस रकाने. नळी उभी धरायची, आतला तरंगता काटा काचेला चिकटू द्यायचा नाही, डोळा पातळीच्या रेषेत ठेवायचा. तिसऱ्या बॅटरीत पाच सेल १२५० च्या आसपास होते आणि एकच ११८० वर. सेल ओळीनं जोडलेले असल्यानं सगळ्यांतून करंट सारखाच जातो, त्यामुळे दुबळा सेल आधी रिकामा होतो. गाडी उभी असताना एकूण व्होल्टेज ठीक दिसतं. चढावर, चार प्रवासी बसल्यावर ते खाली कोसळतं आणि मोटरला वीज देणारा कंट्रोलर गाडी बंद करतो. चालक म्हणतात "गाडी दम टाकती", ते हेच. आकड्यांची बेरीज करून सरासरी काढली असती, तर हा सेल कागदावर कधीच दिसला नसता.

आणखी दोन गोष्टी मुलांच्या पुस्तकात नव्हत्या. डिस्टिल्ड वॉटर घातल्यावर लगेच माप घ्यायचं नाही. पाणी वर तरंगतं आणि सेल विनाकारण मेलेला वाटतो. प्लेटा उघड्या नसतील तर पाणी चार्जिंग झाल्यावरच घालायचं, नाहीतर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडतं. उन्हाळ्याचा हिशेबही तुम्हीच घालून दिलात: प्रमाण माप २७ अंशांचं. ॲसिड ४० अंशांना असेल तर आकडा नऊएक पॉइंट कमी दिसतो, तेवढे मिळवायचे.

विजेचं माप बॅटरीवर घेऊ नका, प्लगवर घ्या, हा तुमचा आग्रह प्रकल्पाला फार उपयोगी पडला. ४८ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवर म्हणजे कागदावर ४.८ युनिट. पण चार्जरची उष्णता आणि सेलमधला वायू यांत वीज जाते, आणि तिचं बिल चालकच भरतो. म्हणून पूर्ण भरायची, ठरलेल्या फेऱ्या मारायच्या, पुन्हा तिथपर्यंतच भरायची, आणि मीटरवरची युनिटं किलोमीटरनं भागायची. टायरची हवा रोज सकाळी सारखी करायची, प्रवासी मोजायचे. दुबळ्या सेलच्या गाडीला जास्त युनिटं का लागतात, हेही इथेच उलगडलं: तो भरेपर्यंत चार्जर चालूच राहतो आणि चांगले सेल नुसते उकळत बसतात.

सुरक्षेची तुमची शिस्त आता आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावली आहे: हातातली अंगठी, कडं काढायचं, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची, आधी निगेटिव्ह सोडायची, चार्जिंगजवळ बिडी-काडी नाही, सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा.

गाड्या देणाऱ्या चालकांना चोवीस आकड्यांचा तक्ता मराठीत छापून देत आहोत. एक सेल बसला की चारही बॅटऱ्या मोडीत काढायचा सल्ला त्यांना मिळतो. आता तक्ता समोर ठेवून प्रश्न विचारता येईल.

तुमचा हायड्रोमीटर सोबत पाठवला आहे. रबरी फुग्याला चीर गेली होती, नळीत हवा शिरत होती. फुगा नवा बसवला आहे, एक जादाही ठेवला आहे.

आपले,
प्रकल्पाचे विद्यार्थी आणि मार्गदर्शक