ब्युर्गरमाइस्टर साहेब, फोटोतला तो हात माझा

माननीय ब्युर्गरमाइस्टर महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे. आपल्या कचेरीची जर्मन पत्रं मी 4 वर्षं मोबाइलवर भाषांतर करून वाचली, एक पत्र आपणही तसं वाचून पाहावं.

आपल्या ब्युर्गरमाइस्टरकीला, म्हणजे आमच्या भाषेत गावच्या प्रमुखपदाला, 16 वर्षं झाली म्हणून गावच्या साप्ताहिक पत्रकात दोन पानं आली. अभिनंदन. बेकरीवाल्याचा मुलगा, याच कचेरीत शिकाऊ उमेदवारी, मग प्रशासनाचं शिक्षण, एकतिसाव्या वर्षी निवड. आमच्याकडे साडेपाच हजार वस्तीला सरपंच असतो, आणि अविश्वासाच्या ठरावाच्या धास्तीने त्याला झोप नसते. इथे जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात लोक 8 वर्षांसाठी थेट निवडून देतात आणि निवांत होतात. तुम्हीही.

त्याच पानावर वृद्धाश्रमातल्या आजींचा नव्वदीचा फोटो आहे. तुम्ही फुलांची परडी घेऊन वाकलेले. व्हीलचेअरच्या मुठीवर एक हात आणि निळ्या गणवेशाची बाही दिसते. तो हात माझा. बाकीची मी कापली गेले. फोटो झाल्यावर केकची बशी हातात धरून तुम्हीच विचारलंत, मुलीला किंडरगार्टन मिळालं का? मी म्हटलं, यादीत आहोत. "सप्टेंबरपासून नक्की," म्हणालात, वर हातही मिळवलात. जर्मन माणसाचा शब्द म्हणजे शब्द, असं मी त्याच रात्री सांगलीला आईला फोनवर सांगितलं.

परवा पत्र आलं. कर्मचारी नाहीत, जागा नाही, पुढच्या वर्षी बघू. खाली छापलंय, हे पत्र सहीशिवाय वैध आहे.

माझी ड्यूटी सकाळी 6 ला. नवरा रात्रपाळी करून पावणेसातला येतो. तोवर शेजारच्या 78 वर्षांच्या बाई झोपेच्या कपड्यांतच येऊन मुलीजवळ बसतात. पुढे मी येईपर्यंत नवरा जागा. निदान तसं ठरलंय. मागच्या आठवड्यात कुकर लावून तो टेबलावरच झोपला. शिट्ट्यांवर शिट्ट्या. शेवटी 3 वर्षांच्या पोरीने कान ओढून उठवलं. मी तेव्हा तुमच्या गावाच्या आयांचे डायपर बदलत होते.

एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क 1 ऑगस्ट 2013 पासून आहे म्हणे. नाही मिळाली तर कोर्टात जा. कुठल्या पगारावर? बागेत बसणाऱ्या आया म्हणतात, गावातली शंभरेक मुलं घरी आहेत. मोजलेली नाहीत, तुम्ही मोजा. अग्निशमन दलाच्या नव्या इमारतीला मात्र 40 लाख युरो निघाले. कुणी 70 म्हणतं. आग लागली की बंब येईल, एवढं समाधान.

तुमचं कामही सोपं नाही, कबूल. आल्टेना गावचे ब्युर्गरमाइस्टर होलश्टाइन यांनी ठरल्यापेक्षा जास्त निर्वासित घेतले म्हणून 2017 मध्ये त्यांच्या गळ्याला सुरी लागली. वाचवलं कुणी? कबाबच्या दुकानातल्या बापलेकांनी.

आणि आपल्याच राज्यातलं ऑस्टेल्सहाइम गाव! सीरियातून निघून 2015 मध्ये रबरी होडीतून युरोपात आलेला रायान अलशेब्ल 2023 मध्ये तिथे 55 टक्क्यांवर मतं घेऊन ब्युर्गरमाइस्टर म्हणून निवडून आला, वय 29. आधी शेजारच्या गावच्या कचेरीत कामाला होता. प्रचारात मुलांच्या सांभाळाचा विषयही होता. होडीतून आलेल्याला जे सुचतं, ते बेकरीतून आलेल्याला सोळा वर्षांत सुचू नये?

मतपेटीतून सांगावं, तर मला मत नाही. वरच्या मजल्यावरचा रुमानियन मुलगा वर्षापूर्वी आला. तो तुम्हाला निवडू शकतो, पाडूही शकतो, कारण युरोपीय संघ. कर आम्ही दोघंही भरतो. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने काही देशांच्या परदेशी लोकांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायला घेतलं होतं, ते 1990 मध्ये घटना न्यायालयाने रद्द केलं. मग म्हणतात, जर्मन व्हा. 2024 पासून इथे दोन पासपोर्ट चालतात, पण भारताला चालत नाहीत. म्हणजे मताच्या एका चिठ्ठीसाठी सांगलीचं माहेर व्हिसा काढून गाठायचं. दोन्हीकडची सरकारं आमच्या पाठवलेल्या पैशांचं आणि कुशल हातांचं कौतुक मात्र करतात.

हात म्हटल्यावर आठवलं. येत्या 14 तारखेला आमच्याकडच्या एका आजोबांना 95 वर्षं पूर्ण होतात. परडी घेऊन तुम्ही येणारच. त्या दिवशी शेजारच्या बाई डोळ्यांच्या ऑपरेशनला जाणार आहेत, त्यामुळे मुलगी माझ्यासोबत असेल. केक तिच्यासाठीही ठेवायला सांगा. चॉकलेटचा नको, ती खात नाही.

आपली,
मत नसलेली एक गावकरी