भूगोलाचा प्रकल्प शाळेच्या अंगणात व्हावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शालेय भूगोलात शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण यांची ओळख वेगवेगळ्या प्रकरणांतून होते आणि त्यांवरचा ‘प्रकल्प’ म्हणजे बहुधा दुकानातून आणलेला तक्ता किंवा इंटरनेटवरील चित्रांचे सादरीकरण असते. एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो असता नववीच्या मुलांनी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील पर्जन्याचे आकडे घडाघड सांगितले. आदल्या दिवशी आपल्याच गावात किती पाऊस झाला, हे मात्र एकालाही सांगता आले नाही. (दोष मुलांचा नव्हे, त्यांना कोणी मोजायला सांगितलेच नव्हते.)

वास्तविक पर्जन्यमापकाला खर्च जवळपास नाही. सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली वरून कापून तो भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवावा, तळाचा खोलगटपणा खडे व पाणी घालून भरून काढावा आणि त्या पातळीपासून वर मोजपट्टी चिकटवावी. वेधशाळेप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता नोंद घेतली आणि एका चौरस मीटरवरील १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी एवढे सांगितले, की शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून गेले याचा हिशेब मुले स्वतःच मांडतात.

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जेमतेम तीस किलोमीटरवरच्या वाईत तो हजाराच्याही आत असतो. या दोन ठिकाणच्या शाळांनी आपापल्या नोंदी एकमेकींना कळवल्या, तर हा फरक का, या एका प्रश्नातून बेसॉल्टचा सह्याद्री, त्याला अडून वर चढणारे बाष्पयुक्त वारे, महाबळेश्वरचा जांभा, वाईची काळी जमीन आणि दोन्हीकडची निराळी पिके अशी चारही आवरणे आपोआप जोडली जातील. तिरक्या ठेवलेल्या दोन परातींत, एकीत गवताचे ढेकूळ व दुसरीत नुसती माती घालून झारीने पाणी सोडले, तर उताराची धूपही डोळ्यांदेखत दिसते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ज्या डोंगराळ पट्ट्यात दरडीखाली गेले, तिथल्या शाळांत तरी हा प्रयोग वगळला जाऊ नये.

सादरीकरणाला माझा विरोध नाही. ते स्वतःच्या नोंदींवर आधारलेले असावे आणि प्रकल्पाचे निम्मे गुण नोंदवहीला मिळावेत, एवढीच विनंती आहे. रविवारची नोंद कोण घेणार, अशी अडचण शिक्षक सांगतात. सोमवारी दोन दिवसांचा एकत्रित आकडा, तसा स्पष्ट उल्लेख करून, लिहिता येईल.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, जि. सातारा