शिकाऱ्याचे इअरमफ आमच्या यंत्रमागांच्या शेडासाठी का विकलेत?

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी बनवलेले इलेक्ट्रॉनिक इअरमफ (आवाज अडवण्यासाठी कानांवर चढवायची झाकणे) ‘यंत्रमागासाठी योग्य’ म्हणून विकल्याबद्दल, पैसे परत मिळणे व जाहिरात दुरुस्त होणेबाबत.

महोदय,

सोलापुरात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात चार यंत्रमाग आहेत. टॉवेल विणतो. माझे यजमान आणि धाकटे दीर माग चालवतात, मी आणि जाऊबाई कांड्या भरतो, माल तपासून घड्या घालतो. बाहेरचा एकही कामगार नाही. पोटापाण्यासाठी स्वतः करत असलेल्या कामाकरता ही खरेदी केली असल्याने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी ग्राहक ठरते. हे आधीच लिहिते, कारण ‘तुम्ही कारखानदार, तुम्हाला तो कायदा लागू नाही’ असे तुमच्या प्रतिनिधीने मला फोनवर ऐकवले आहे.

तुमच्या संकेतस्थळावर मराठीत लिहिले होते की हे इअरमफ पिठाची गिरणी, यंत्रमाग, फॅब्रिकेशन अशा कुठल्याही आवाजात २३ डेसिबल संरक्षण देतात आणि तरीही समोरच्याचे बोलणे ऐकू येते. ते वाचून आम्ही चौघांसाठी चार नग मागवले. खोके आले तर त्यावर चित्र दलदलीत उभ्या असलेल्या बंदूकधारी माणसाचे, शेजारी कुत्रा, वर उडणारी बदके. इंग्रजीत स्पष्ट छापले आहे की ही वस्तू बदके आणि हंस यांच्या शिकारीसाठी आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. आमच्या उजनीच्या पाण्यावर थंडीत पट्टकदंब हंस उतरतात, लोक ते बघायला दुर्बिणी घेऊन जातात. मग इथे हा माल कोणाला विकायचा, तर मागवाल्यांना, असा विचार तुम्ही केलेला दिसतो. मी प्रतिनिधीला विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘मॅडम, जे बंदुकीचा बार अडवते ते मागाची खडखड अडवणार नाही का?’

नाही अडवत. ते का, हे मी समजून घेतले आहे आणि तुमच्याकडच्या प्रत्येक विक्रेत्याला ते माहीत असायला हवे.

शिकारी पहाटेपासून पाण्याच्या कडेला दबा धरून गप्प बसतो. त्याला पंखांची फडफड, पक्ष्यांची हाक, सोबत्याची कुजबुज ऐकू यायला हवी असते. म्हणून या इअरमफला बाहेरून मायक्रोफोन असतात आणि ते बारीक आवाज मोठे करून कानात सोडतात. बारा बोअरच्या बंदुकीचा बार १५० डेसिबलच्या वर जातो, १४० च्या पुढचा एकच दणका कानाला कायमची इजा करू शकतो. पण तो टिकतो सेकंदाचा अगदी लहानसा अंश. तेवढ्यापुरता इलेक्ट्रॉनिक भाग आवाज आत सोडणे थांबवतो आणि पुन्हा शांतता. त्या कामासाठी ही वस्तू उत्तम असेल. शिकाऱ्यांनी कान झाकलेच पाहिजेत, उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असल्यामुळे आधी जातो, हेही मला वाचून कळले.

आमच्या शेडात मात्र शांतता नावाची गोष्टच नाही. पिकिंग स्टिक, म्हणजे मागाचा दांडका, आडवे सूत नेणाऱ्या धोट्याला हाणते, धोटा पलीकडच्या पेटीत आपटतो, लगेच परत. एका मागावर मिनिटाला शंभरावर ठोके, आणि चार माग एकाच वेळी, पत्र्याखाली. दर ठोक्याला तुमच्या इअरमफचा आवाज तुटतो आणि परत येतो. त्यामुळे यजमानांचे बोलणे तुकड्यातुकड्यांनी येते, एकही शब्द धड लागत नाही. शिवाय मायक्रोफोन चालू असतात तोवर मागाचाच आवाज ८२ डेसिबलपर्यंत ते स्वतः कानात सोडत राहतात. गवतातल्या शिकाऱ्याला त्याने काही होत नाही. आम्ही त्यात बारा बारा तास उभे असतो. खोक्यातल्या इंग्रजी पत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात हेच लिहिले आहे : यंत्रांच्या सततच्या आवाजात इलेक्ट्रॉनिक भाग बंद ठेवावा. तुमच्या मराठी जाहिरातीत ते वाक्य नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यापासूनच ते दूर राहिले.

आता २३ या आकड्याबद्दल. एनआरआर, म्हणजे आवाज किती कमी होतो ते सांगणारा आकडा; एनआरआर २३ म्हणजे कानावरचा आवाज २३ डेसिबलने उतरतो, असे तुम्ही सांगता. तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. ज्या अमेरिकेतून ही पद्धत आली तिथलेच कामगार सुरक्षा खाते प्रत्यक्ष कामावरचा अंदाज काढताना त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरायला सांगते. म्हणजे हातात उरतात ८. आमच्या शेडात फोनवरच्या ॲपने ९८ च्या आसपास दाखवले. फोनचे मोजमाप काटेकोर नसते, पण मागांच्या शेडात ९५ च्या पुढे आवाज असतो हे सर्वांना ठाऊक आहे. ९८ मधून ८ गेले तर ९० राहतात. कारखान्यांच्या नियमांत ९० ही मर्यादा आठ तासांसाठी धरली जाते, आणि ८५ च्या वर कान जपावेत असे आज अनेक तज्ज्ञ सांगतात. चष्म्याची काडी किंवा डोक्यावरचा पदर इअरमफच्या कानाभोवतीच्या मऊ उशीखाली आला की ते ८ सुद्धा राहत नाहीत.

माझ्या सासऱ्यांनी सारे आयुष्य मागावर घालवले. या आवाजाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते, म्हणजे बाईमाणसाचा आणि लहान मुलांचा आवाज आधी हरवतो. नातवंडे बोलतात आणि ते ओठांकडे बघत राहतात. गेलेले ऐकणे परत येणार नाही. घरातल्या दोघा भावांचे तसे होऊ नये म्हणून आम्ही पैसे बाजूला काढले होते. ‘बाकी काही नको, फोमचे प्लग नीट वापरा’ असे तुमच्या माणसाने सांगितले असते तर दहा-वीस रुपयांत काम झाले असते. बोटांनी बारीक वळायचे, कान वर आणि मागे ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत धरून ठेवायचे. फार आवाज असेल तर त्यावर साधे इअरमफ. आता आम्ही तेच करतो.

उन्हाळ्यात पत्र्याखाली घामाने दोन नगांच्या उशांना भेगा पडल्या, हे वेगळेच.

परताव्याची मागणी केल्यावर ‘कानाला लावलेली वस्तू स्वच्छतेच्या कारणाने परत घेता येत नाही’ असा छापील संदेश आला. वापरल्याशिवाय खोटे कसे कळणार होते? माझी तक्रार वस्तू बिघडल्याची नाही, चुकीच्या कामासाठी विकल्याची आहे, आणि कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला वेगळी व्याख्या आहे.

तेव्हा चारही नगांची पूर्ण रक्कम परत करावी आणि ते आपल्या खर्चाने घेऊन जावेत. जाहिरातीतून ‘यंत्रमाग’ आणि ‘पिठाची गिरणी’ हे शब्द आजच काढावेत. सोलापुरात ज्यांना हा माल गेला असेल त्या सर्वांना सततच्या आवाजाबद्दलची सूचना मराठीत आणि तेलुगूत कळवावी. पूर्व भागातल्या कितीतरी मागवाल्या घरांत तेलुगूच बोलली जाते.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निराकरण आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, खोक्याचे व पत्रकाच्या शेवटच्या पानाचे छायाचित्र.

कळावे,
आपली ग्राहक,
सोलापूर